दफ्तरी शहर बोलोन्या

रसिक श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘बोलोन्याची कला, वास्तू आणि खाद्यसंस्कृती’ असा छापला आहे. तिन्ही गोष्टींना समान न्याय देण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. मात्र या तिन्हींच्या मुळाशी माझ्या मते एकच गोष्ट आहे, आणि ती मांडण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले. फ्लॉरेन्स सावकारांच्या घराण्याने सजवले, रोम पोपांनी सजवले, व्हेनिस दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी सजवले. बोलोन्याला घडवले ते कारकुनांनी, म्हणजे दस्तऐवज लिहिणाऱ्या नोटरींनी. रोजच्या व्यवहारातील गोष्ट लिहून ठेवायची, तिला नियम लावायचा आणि तो शतकानुशतके पाळायचा, ही या शहराची प्रतिभा आहे. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे विधान धाडसाचे वाटेल, याची मला कल्पना आहे.

आपल्याकडून इटलीला जाणाऱ्या सहलींविषयीची माझी एक जुनी तक्रार प्रथम नोंदवतो. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला निघालेली बस बोलोन्यात थांबते ती जेवणापुरती. आमच्या सहलीच्या व्यवस्थापकांनी ध्वनिक्षेपकावरून ‘येथे पाहण्यासारखे विशेष नाही, जेवून वेळेवर परत या’ असे जाहीर केले, तेव्हा आमची बस अशा शहराच्या वेशीवर उभी होती जिथले विद्यापीठ परंपरेने 1088 सालचे मानले जाते आणि युरोपातील सर्वांत जुने म्हणून ओळखले जाते. पुढे ताटात आले ते स्पॅगेटी बोलोनीझ. जगभर या शहराच्या नावावर खपणारा हा पदार्थ खुद्द या शहराचा नव्हे. बोलोन्यात खिम्याचा रागू स्पॅगेटीवर घालत नाहीत, तो अंडे घालून मळलेल्या, पातळ लाटून पट्ट्या कापलेल्या तालियातेल्लेबरोबर खातात. गोल, गुळगुळीत स्पॅगेटीवरून हा दाट रागू घसरून बशीच्या तळाशी बसतो, रुंद आणि खरखरीत पट्टीला तो धरून राहतो. खाद्यसंस्कृतीच्या नावाने केलेल्या दाव्यांतील हा एक दावा तरी निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे.

नंतर मी स्वतंत्रपणे पुन्हा गेलो, तेव्हा आमच्या लहानशा गटात एक निवृत्त स्थापत्य अभियंता होते. तालियातेल्लेची रुंदी तेथे अधिकृतपणे ठरलेली आहे, असे मी त्यांना प्रवासातच सांगितले होते. 16 एप्रिल 1972 रोजी बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये हे प्रमाण रीतसर दाखल करण्यात आले आणि त्याचा नमुना म्हणून सोन्याची एक पट्टी तेथे ठेवलेली आहे. शिजल्यावर तिची रुंदी 8 मिलिमीटर असावी, म्हणजेच शहरातील आसिनेल्ली या मध्ययुगीन मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग असावा, असे ते प्रमाण सांगते. आमच्या अभियंत्यांनी बशी समोर येताच खिशातून पट्टी काढली, एक तालियातेल्ला सरळ केली आणि मोजली. मग कागदी रुमालावर गुणाकार मांडून त्यांनी गंभीरपणे जाहीर केले की 8 मिलिमीटर गुणिले 12,270 म्हणजे 98 मीटर 16 सेंटिमीटर होतात, मनोरा मात्र 97 मीटरांच्या आसपास आहे, तेव्हा एक तर पट्टी रुंद आहे किंवा मनोरा खचला आहे. वाढणाऱ्या मुलाने हा आक्षेप आत जाऊन कळवला. पीठ लाटणारी स्त्री, जिला तेथे स्फोलीना म्हणतात, हात पुसत बाहेर आली. ती रागावेल असे आम्हांला वाटले होते. तिने एवढेच विचारले की यांनी मोजमाप पाण्यातून काढल्याबरोबर घेतले की थंड झाल्यावर. त्यानंतर त्या दोघांचे, मुलाच्या दुभाषेपणाने, पिठाच्या आकुंचनावर जे बोलणे झाले, त्यात आमचे जेवण थंड झाले आणि आमची आगगाडीही चुकली. श्रोत्यांतील अभियंत्यांनी हसू नये. आपल्या व्यवसायाचा तेथे यथोचित सन्मान झाला.

तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्याच्या सारणाची कृती 1974 साली आणि रागूची 1982 साली याच चेंबरच्या दफ्तरी दाखल झाली. रागूच्या कृतीत टोमॅटो बेताचाच आहे, दूध मात्र आहे. त्याहून जुना दाखला मोर्तादेल्लाचा: 1661 साली कार्डिनल फार्नेसे यांनी आज्ञापत्र काढून डुकराच्या मांसाचा हा जाड सॉसेज कोणी आणि कसा करावा हे ठरवून दिले. (शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये. तोर्तेल्लिनीची मोठी बहीण तोर्तेल्लोनी रिकोत्ता चीज भरून करतात आणि लोण्यात परतलेल्या सेजच्या पानांबरोबर वाढतात.) आणि चेंबरची ही दफ्तरे ज्या वास्तूत आहेत ती पालाझ्झो देल्ला मेर्कान्झिया चौदाव्या शतकातील गॉथिक इमारत आहे. तिच्या रचनेत आंतोनियो दि विंचेन्झो या वास्तुविशारदाचा हात होता, आणि त्यानेच 1390 साली सुरू झालेल्या सान पेत्रोनियो या प्रचंड चर्चचा आराखडा केला. येथे पाककृती आणि वास्तुकला एकाच छपराखाली आल्या आहेत, असे मी म्हणतो तेव्हा ते केवळ अलंकारिक विधान नसते.

आता कमानींकडे वळतो. विद्यापीठामुळे शहरात माणसे वाढली, घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे येऊ लागले आणि त्या वाढीव भागाला खालून खांबांचा आधार द्यावा लागला. आपल्याकडे ओटा पुढे सरकला की एक तर तो पाडतात किंवा दंड घेऊन कायम करतात. बोलोन्याने 1288 साली तिसराच मार्ग काढला: नव्या प्रत्येक घराला असा छपराखालचा मार्ग, म्हणजे पोर्टिको, असलाच पाहिजे, जमीन आणि देखभाल मालकाची, पण खालून जाण्याचा हक्क सर्वांचा. अतिक्रमणाला कायद्याने सार्वजनिक सोयीचे रूप दिल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आज शहरातील पोर्टिकोंची एकूण लांबी सुमारे 62 किलोमीटर भरते आणि 2021 साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरील काझा इझोलानीचा तेराव्या शतकातील पोर्टिको अजून ओकच्या उंच लाकडी खांबांवर उभा आहे. सान लुकाच्या टेकडीवर चढणारा, 1674 साली काम सुरू झालेला पोर्टिको 666 कमानींचा आणि जवळजवळ चार किलोमीटरांचा आहे. भर पावसात टेकडीवरील देवळात कोरडे पोहोचण्याची ही सोय लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून उभी राहिली.

नियम लिहिणारे हे लोक रुक्ष होते असे मात्र समजू नये. 1250 च्या दशकात याच शहराने 5,855 भूदासांची मालकांना मोबदला देऊन मुक्तता केली आणि त्यांची नावे ‘लिबेर पारादिझुस’ या नोंदवहीत लिहिली. 1265 पासून ठरावीक रकमेवरील खासगी करारांची नोंद शहराच्या वह्यांत करणे सक्तीचे झाले. त्या नोंदींमधील कोऱ्या जागेत नंतर कोणी काही घुसडू नये म्हणून नोटरी तेथे कविता लिहीत. 1287 साली अशाच एका नोटरीने गारिझेंदा मनोऱ्याविषयीचे एक सुनीत उतरवून ठेवले. ते इटालियन महाकवी दान्तेचे, त्याच्या तरुणपणातले आहे. आसिनेल्लीशेजारचा हा कललेला मनोरा पुढे चौदाव्या शतकात उंची कमी करून 48 मीटरांवर आणला गेला, आणि 2023 पासून त्याच्या झुकण्याच्या काळजीने भोवतालचा परिसर बंद करावा लागला आहे.

अध्यक्षमहोदयांनी चिठ्ठी पाठवली आहे. पत्रिकेवर प्रथम छापलेली कला आता मला चिमटीत बसवावी लागेल.

सांता मारिया देल्ला व्हीता हे चर्च भाजी-मांसाच्या जुन्या बाजारपेठेतच आहे. तेथे निकोलो देल्लार्काने पंधराव्या शतकात घडवलेला मातीच्या मूर्तींचा समूह पाहा: मृत ख्रिस्ताकडे धावत येणारी मारिया माग्दालेना तोंड पूर्ण उघडून आक्रोश करते आहे आणि तिची वस्त्रे मागे उडत आहेत. हाच शिल्पकार संत दोमेनिकोच्या समाधीवर काम करत असताना 1494 साली मरण पावला, आणि उरलेल्या तीन छोट्या मूर्ती विशीच्या उंबरठ्यावरील मायकेलअँजेलोने केल्या. सान पेत्रोनियोच्या मुख्य दरवाजावर याकोपो देल्ला क्वेर्चाची शिल्पे आहेत, आत खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने 1655 साली फरशीवर आखलेली, दुपारच्या सूर्यकिरणाची जागा दाखवणारी सुमारे 67 मीटरांची मध्यान्हरेषा आहे. चित्रकार गुइदो रेनी पिनाकोतेका या चित्रसंग्रहालयात भेटेल.

पण माझ्या मुद्द्याचे खरे साक्षीदार आगोस्तिनो आणि आन्नीबाले हे चित्रकार कार्राच्ची बंधू आणि त्यांचा चुलतभाऊ लुदोविको आहेत. त्यांनी 1580 च्या दशकात अकादमी काढली आणि शिष्यांना समोर दिसणारा माणूस, जसा आहे तसा, रेखाटायला लावले. लुदोविकोचा बाप खाटीक होता. आन्नीबालेने मोठ्या आकाराच्या चित्रात खाटकाचे दुकान रंगवले आणि त्यात मांस तोलणाऱ्या माणसाला, इतर चित्रकार संतांना देत, तेवढे गांभीर्य दिले. दुसऱ्या चित्रात त्याने घेवड्याच्या बियांनी भरलेला चमचा तोंडापाशी थांबलेला एक शेतकरी दाखवला आहे. समोर भाकरीसारखा पाव, कांद्याची पात आणि दारूचा पेला आहे. पाककृती दफ्तरी दाखल करणारी वृत्ती आणि ही चित्रे करणारी वृत्ती मला एकच वाटते. दुर्दैवाने पहिले चित्र आज ऑक्सफर्डला आणि दुसरे रोमला आहे. बोलोन्यात कार्राच्चींसाठी पालाझ्झो फावामधील 1584 ची, ग्रीक पुराणातील जेसनकथेची भित्तिचित्रे पाहावी लागतील. याच शहरातील फोंदाझ्झा गल्लीत राहून आयुष्यभर त्याच त्या बाटल्यांची चित्रे रंगवणाऱ्या चित्रकार मोरांदीसाठी मला स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल, आणि संयोजकांची हरकत नसेल तर त्या दिवशी मी खाण्याविषयी एक शब्दही काढणार नाही.