साबणात लपवलेला क्रूस

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त. संध्याकाळची वेळ आहे, कुणाच्या घरी रोझरी आटपली असेल, कुणाचा भात शिजत असेल, तर काम करता करताच ऐका, पण ऐका नक्की, कारण आज मी तुम्हाला विजेच्या वायरच्या एका तुकड्याची गोष्ट सांगणारे. ही गोष्ट मी याआधीही बऱ्याच ठिकाणी सांगितलीय, तरी मला ती परत परत सांगावीशी वाटते.

विषय आहे मनाची मोकळीक आणि देवावरचा भरवसा. आपण म्हणतो ना, एकदा मुलांचं मार्गी लागू दे, लोन फिटू दे, गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग निवांत प्रार्थना करेन. मी पण हेच म्हणायचे. आणि मग माझ्या वाचनात हा माणूस आला.

त्यांचं नाव फ्रान्सिस झेवियर न्ग्युएन व्हान थुआन. देश व्हिएतनाम, जन्म 1928 सालचा. नावातला फ्रान्सिस झेवियर म्हणजे ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे तोच आपला संत. आठ वर्षं ते न्हा ट्रांग शहराचे बिशप, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचे प्रमुख, होते, 1975 च्या एप्रिलमध्ये पोपसाहेबांनी त्यांना सायगावला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, नेमलं, आणि लगेच आठवड्याभरात, 30 एप्रिलला, सायगाव कम्युनिस्टांच्या हातात गेलं. दक्षिण व्हिएतनामचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक, हे त्यांचे सख्खे मामा, त्यामुळे नव्या सरकारचा त्यांच्यावर डोळा होताच. 15 ऑगस्टला त्यांना अटक झाली. 15 ऑगस्ट, पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. अंगावर झगा आणि खिशात रोझरीची माळ, बाकी काही नाही. केस नाही, खटला नाही. तेरा वर्षं आत, आणि त्यातली नऊ वर्षं एकट्याने. परत सांगते, नऊ वर्षं एकट्याने.

कोठडी इतकी दमट की झोपायच्या चटईवर अळंबी उगवायची. कधी दिवा दिवसरात्र चालू, कधी दिवसचे दिवस मिट्ट काळोख. गुदमरायला लागलं की जमिनीवर पालथं पडून दाराखालच्या फटीला नाक लावायचे.

आता वायरची गोष्ट.

तर एका छावणीत त्यांना लाकडं फोडायचं काम होतं. शेजारी पहारेकरी उभा. हे पहारेकरी आधी त्यांच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत, हो नाहीतर नाही, बस्स. पण हा माणूस त्यांच्याशी बोलत राहिला, दूरदेशांच्या गोष्टी सांगत राहिला, त्यांना भाषा शिकवायला लागला. होता होता मैत्री झाली. तर त्या दिवशी त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं की मी एक छोटासा क्रूस कापून घेऊ का या लाकडातून. तो म्हणाला, धर्माची कुठलीही खूण ठेवायला सक्त मनाई आहे, तुम्हाला माहीत नाही का. हे म्हणाले, माहीत आहे, पण आपण मित्र आहोत ना, मी लपवून ठेवीन. तो म्हणाला, अहो दोघंही मरू. मग हे म्हणाले, तू डोळे मीट, मी पटकन कापतो. आणि तो पहारेकरी सरळ बाजूला निघून गेला, यांना एकटं सोडून. क्रूस कापला आणि कुठे लपवला माहितीये? साबणाच्या वडीत. सुटका होईपर्यंत तो क्रूस त्या साबणात राहिला.

पुढे दुसऱ्या तुरुंगात गेले, तिथला पहारेकरी दुसरा. त्याच्याकडे मागितली विजेची वायर. तो घाबरलाच, कारण त्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असायचं की कैद्याने वायर मागितली म्हणजे तो जिवाचं बरंवाईट करणार. हे म्हणाले, आम्ही कॅथलिक लोक असं करत नाही, त्यातून मी तर धर्मगुरू, मला क्रूस गळ्यात घालायला साखळी करायचीय. तो म्हणाला, वायरची कुठे साखळी होते का. हे म्हणाले, दोन छोट्या पकडी आण, दाखवतो. तीन दिवसांनी सांगतो म्हणाला.

तीन दिवसांनी आला, म्हणाला, तुम्हाला नाही म्हणवत नाही हो. उद्या संध्याकाळी सात ते अकरा माझी ड्युटी आहे, जोडीदाराला मी कुठेतरी पाठवतो, त्याने बघितलं तर वर कळवेल, तेवढ्या वेळात उरकायला हवं. आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच पकडी आणि वायर घेऊन आला. मग ते दोघं बसले, एक बिशप आणि एक कम्युनिस्ट पहारेकरी. काड्यापेटीतल्या काडीएवढे तुकडे कापायचे, एकेक वाकवायचा, एकात एक अडकवायचा. कापायचा, वाकवायचा, अडकवायचा. अकराच्या आत साखळी तयार.

(इथे एक बोलतेच. आपल्याकडे हल्ली कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायच्या विधीच्या, फोटोसाठी पोरांच्या गळ्यात जी सोन्याची चेन घालतात, कर्ज काढून घालतात, ते मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा पोराच्या हातात पक्कड द्या. आपल्या आजोबांना होडी, खाट, मोट सगळं दुरुस्त करता यायचं, आणि आज साधा प्लग बदलायला माणूस बोलवावा लागतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षातून एक रविवार हातकामाला ठेवला तर काय बिघडेल? असो.)

आता मला सांगा, त्या रात्री त्या खोलीत मोकळा कोण होता? किल्ली पहारेकऱ्याकडे होती. पण चोरून, घाबरून, जोडीदाराला खोटं सांगून काम करावं लागत होतं ते त्याला. कैदी निवांत बसून वायर वाकवत होता.

ही मोकळीक त्यांना पहिल्या दिवशी मिळाली नव्हती हां. सुरुवातीच्या एका रात्री त्यांचा जीव नुसता तळमळत होता, माझी माणसं, माझी सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवायची शाळा, अर्धवट राहिलेली कामं, सगळं वाया गेलं. आणि मग त्यांना आतून उमगलं की देव वेगळा आणि देवाची कामं वेगळी. कामं देवाची होती, चांगली होती, पण ती म्हणजे देव नव्हे. त्याला ती दुसऱ्याकडून करवून घ्यायची तर तो घेईल, मी त्याला धरून राहायचं. लक्षात ठेवा, देव वेगळा, देवाची कामं वेगळी. आणि दुसरी गोष्ट, सुटकेची वाट बघत बसायचं नाही, हातात आत्ताचा क्षण आहे तो प्रेमाने भरायचा. घरच्यांना निरोप पाठवला की पोटदुखीचं औषध पाठवा, घरच्यांनी ओळखलं, बाटलीत वाइन आली. तळहातावर तीन थेंब वाइन, एक थेंब पाणी, आणि रोजची मिस्सा, म्हणजे भाकर आणि वाइन अर्पण करायची आपली उपासना. तळहात हीच वेदी.

मला हे का भिडलं ते सांगते. अठरा वर्षं मी आमच्या चर्चचा कॉयर घेत होते. नाताळची प्रॅक्टिस, सणाची मिस्सा, मयताची गाणी, सगळं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, म्हणजे बोलता येतं, तुम्ही ऐकताय तेवढं, पण वरचा सूर लागत नाही. देवावर इतकी चिडले मी. म्हटलं, तुझंच काम करत होते ना रे बाबा. दोन वर्षं मी मिस्सेला मागच्या दाराशी उभी राहायचे, म्हणजे गाणी नीट ऐकू यायला नकोत. त्या दिवसांत ही गोष्ट वाचली, आणि "देवाची कामं" या शब्दांपाशी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. मी इतकी वर्षं कॉयरलाच देव समजत होते.

व्हान थुआन 21 नोव्हेंबर 1988 ला सुटले. तोही मारियेच्या सणाचा दिवस. पुढे त्यांना देश सोडावा लागला, रोमला गेले. 2000 साली उपवासकाळात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर आणि व्हॅटिकनच्या सगळ्या मोठमोठ्या लोकांसमोर त्यांनी रिट्रीट दिली, म्हणजे प्रार्थना-मननाची प्रवचनं केली, पुढच्या वर्षी कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, झाले, 2002 मध्ये गेले. त्यांच्या गळ्यात असायचा तो साबणातला क्रूस, वायरच्या साखळीत. वरून धातूचं आवरण घातलं होतं एवढंच.

आमच्या कॉयरला आता कॉलेजातली एक मुलगी शिकवते. मी हल्ली मधल्या बाकावर बसते. परवाच्या रविवारी अर्पणाच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला पोरं घाईत सुटली, आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला ताल धरायला. तो मी हळूच मांडीवर उलटा ठेवला, तळहात वर करून, आणि तसाच उघडा राहू दिला गाणं संपेपर्यंत.