बोनेटवरचं कोळ्याचं जाळं

ही काळी गाडी, आत्ताच धुतलीये, सावलीत उभी आहे आणि लांबून बघितली तर एकदम चकाचक. आता बोनेटवर मोबाईलचा टॉर्च धरतो. दिसलं? उजेडाभोवती गोल गोल बारीक रेघा, कोळ्याने जाळं विणल्यासारख्या. हेच ते स्वर्ल मार्क. गंमत म्हणजे हे ओरखडे गोल नसतातच, ते वाट्टेल त्या दिशेला पडलेले असतात, पण उजेडाला जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि आपल्या डोळ्याला वाटतं गोल आहे. टॉर्च इकडे नेला, जाळंही इकडे आलं. परत नेतो, बघा.

आणि हा आरोपी. हे फडकं. धूळ बसली की कोरडंच फिरवायचं, दोन मिनिटांत गाडी साफ, सगळेच करतात, मीपण वर्षानुवर्षं केलंय. पण जवळून बघा, फडक्यात अडकलेले हे कण म्हणजे बारीक वाळूच आहे की, आणि आपण ती रंगावर घासतोय, तेही प्रेमाने.

रंगाच्या वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, बहुतेक गाड्यांना साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. ओरखडे असतात ते या थरात. पॉलिशने ते भरत नाहीत, आजूबाजूचा थर अगदी किंचित झिजतो आणि खाचेच्या कडा सपाट होतात, बस. नुसतं लपवणारी क्रीमंही मिळतात, चारदोन वेळा गाडी धुतली की जाळं पुन्हा हजर.

मग सुरुवात कुठून, तर बादलीपासून, आणि बादल्या दोन. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, प्रत्येक वेळी मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी काय साचलंय बघा, हे सगळं गाडीवर परत गेलं असतं.

गाडी कोरडी झाली की ही ट्रिक, मला सगळ्यात आवडते. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि रंगावरून हळूच बोटं फिरवायची, नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं ते आता खरखरीत लागतं. ती खरखर काढायला क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, तोही शाम्पूच्या पाण्यावर घसरवत, दाबायचा अजिबात नाही. खाली पडला तर सरळ फेकून द्यायचा, जीव तुटला तरी.

आता हा चौकोन, दोन बाय दोन फूट, चारी बाजूंनी मास्किंग टेप. अख्खी गाडी एकदम करायला घ्यायची नाही. सगळ्यात सौम्य पॉलिश, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब, आधी आडवं मग उभं, हात एका लयीत, दोन-तीन मिनिटं, आणि पत्रा गार पाहिजे, उन्हात करू नका. मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं. लगेच खूश व्हायचं नाही हं, पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, म्हणून पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात मारायचा आणि मग टॉर्च. फरक नाही पडला तरच पुढचं, जरा कडक पॉलिश. नख अडकतं तो ओरखडा मात्र सोडून द्या, तो पॉलिशने जायचा नाही.

पॉलिश करायचं मशीन नव्हतं त्यामुळे त्याचं शूटही नाही. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरतं आणि सोबत हलतंही) मिळालं तर हात वाचतात आणि काम जास्त चांगलं होतं, रोटरी, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणारं मशीन, नवशिक्याने धरूच नये, एका जागी रेंगाळलं की रंग जळतो. आणि हो, झिजलेला क्लिअर कोट परत येत नाही, कडांवर तर तो आणखीच पातळ असतो, म्हणून दर महिन्याला हे करत बसू नका. वरून वॅक्स लावलं की झालं.

आता टेप काढतोय. इथे आवाज तसाच ठेवलाय, मी काही बोलत नाही.

एका बाजूला जाळं. दुसऱ्या बाजूला टॉर्चचा नुसता एक ठिपका.

अजून बोनेटचे पाच चौकोन बाकी आहेत, दारं तर मोजलीच नाहीयेत, खांदा आत्ताच बोलायला लागलाय.