कातडीतून जाणारं विष

(दृश्य : पाठीवरचा पंप. झाकणाखालून ओघळणारं द्रावण.)

पंपाचं झाकण घट्ट लावलंय, पण आतला वॉशर झिजलाय. फवारणारा चालतोय, पावलागणिक टाकी हिंदकळतेय आणि औषध थोडंथोडं बाहेर येतंय. पाठीवरून कमरेला, कमरेवरून खाली. सदरा आधीच घामाने भिजलेला, त्यामुळे त्याच्या ते ध्यानातही येत नाही.

विष तोंडातून किंवा नाकातूनच जातं, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून तोंडाला फडकं बांधलं की माणूस निर्धास्त होतो. खरं तर फवारताना अंगात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो. आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या प्रयोगांत दिसलं, की मनगटाच्या वरच्या भागातून जेवढं विष शिरतं, त्याच्या सुमारे चौपट कपाळातून शिरतं आणि अंडकोशाच्या त्वचेतून जवळपास १२ पट. गळका पंप विष नेमकं तिथेच नेऊन पोचवतो. वॉशर बदलणं हे काम किरकोळ समजलं जातं. ते तसं नाही.

(दृश्य : बाटलीतून माप भरणारे उघडे हात.)

त्याहून धोक्याची वेळ फवारणीच्या आधीची, औषध कालवायची. टाकीतलं द्रावण पातळ केलेलं असतं, बाटलीतलं औषध त्याच्या कित्येक पट तीव्र. हातमोजे दिवसभर घालणं जमत नसेल, तर निदान या काही मिनिटांत तरी घालायलाच हवेत. तेही रबराचे, कापडी मोजे औषध शोषून घेतात आणि हाताशी धरून ठेवतात. नोझल तुंबलं तर ते तोंडाने फुंकायचं नाही, मऊ ब्रशने साफ करायचं.

आत गेलेलं विष काय करतं? मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोचवणारं एक रसायन शरीरात असतं. काम झालं की ते मोडून टाकणारं विकरही (एन्झाइम) असतं. ऑर्गनोफॉस्फेट या गटातली कीटकनाशकं या विकरालाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाहीत. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, छाती भरून येते, श्वास अडकतो. पण सुरुवात होते साध्या डोकेदुखीने आणि मळमळीने, आणि ऊन लागलं असेल म्हणून माणूस सावलीला टेकतो, पाणी पितो, पुन्हा पंप उचलतो. अंगावरचे कपडे तसेच ओले. हा गैरसमज जीव घेऊ शकतो.

अशा वेळी कपडे लगेच उतरवायचे, अंग साबणाने धुवायचं, उलटी करवायची नाही, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यायचं. कोणतं विष आहे हे कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. ऑर्गनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन हे प्रतिविष चालतं. पॅराक्वाट या तणनाशकाला प्रतिविषच नाही.

(दृश्य : धुण्याच्या दगडावर फवारणीचे कपडे.)

हे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. ते धुणाऱ्या बाईने पंप कधी पाठीला लावलेला नसतो, तरी विष तिच्याही हातांना लागतं.

आता कळीचा प्रश्न. गमबूट, चष्मा, अंगभर जाड कपडे घाला, असं शेतकऱ्याला सांगणं सोपं आहे. भर उन्हात तो पोशाख चढवून पंप वाहणं माणसाला झेपत नाही. मग विषबाधा झाली की दोष त्याच्याच माथी मारला जातो. हे आम्हाला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची आचारसंहिताच सांगते, की ज्या कीटकनाशकाला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते टाळावं. विशेषतः उष्ण हवामानात आणि लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत. म्हणजे माणसाला चिलखत चढवण्याआधी बाटली बदलायला हवी. लेबलवरचा लाल रंग सर्वांत जहाल विष सांगतो. तेच काम कमी विषारी औषधाने होतं का, किंवा किडीची संख्या पाहता फवारणी लागतेच का, हे आधी तपासायला हवं.

श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससारखी अतिविषारी कीटकनाशकं बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान. तिथे अनेक आत्महत्या कीटकनाशक पिऊन होत, पुढच्या वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण खूपच घटलं. पिकांच्या उत्पन्नात मात्र त्यामुळे घसरण आढळली नाही.