जाड टीप

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आयोजकांनी पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘वस्त्रोद्योगाचे अभ्यासक’ असं छापलंय. तेवढं खरं नाही. कापड पेठेत वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. पुढं मी तिथं तयार कपडे ठेवायला लागलो. एवढाच माझा अभ्यास.

आज बोलायचंय ते ट्रू रिलिजन या अमेरिकन जीन्सविषयी. ही कंपनी सांगलीत कधी आली नाही, पण तिची टीप आली. 2009-10 च्या सुमारास पोरं दुकानात येऊन म्हणायची, “अण्णा, ती दोरीसारखी टीप असलेली दाखवा.” मागच्या खिशावर घोड्याच्या नालासारखा आकार आणि पांढरा जाड दोरा. माल कुठनं यायचा ते विचारू नका. अस्सल जीन्स तोवर मी डोळ्यानंसुद्धा बघितली नव्हती.

आधी डेनिमचं थोडक्यात सांगतो. विट्यात, इचलकरंजीत मागावर काम केलेली मंडळी इथं आहेत, त्यांना हे नवं नाही. ताणा म्हणजे उभा धागा निळीत रंगवलेला, बाणा म्हणजे आडवा धागा पांढरा. रंग धाग्याच्या वरवर बसतो, गाभा पांढराच राहतो, म्हणून जीन्स जिथं घासते तिथं पांढरी पडते. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरनं गेलेला. तिथल्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव. खिशाच्या कोपऱ्याला तांब्याचं रिव्हेट मारायची युक्ती जेकब डेव्हिस नावाच्या अमेरिकेतल्या एका शिंप्याची. 1873 मध्ये त्याचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्यासोबत निघालं. म्हणजे या धंद्यातली मोठी अक्कल शिंप्याच्या टेबलावरच सुचलेली आहे, हे माझं म्हणणं तुम्ही आपल्याच धंद्यातल्या माणसाचं कौतुक म्हणून सोडून देऊ नका.

तर 2002 साली लॉस एंजेलिसमध्ये जेफ्री लुबेल आणि किम गोल्ड या नवराबायकोनं ट्रू रिलिजन सुरू केली. गिटार वाजवणारा हसरा बुद्ध हे तिचं चिन्ह. पण खरी गंमत टिपेत होती. साध्या जीन्सला इंचाला सात-आठ टाके पडतात. यांनी घातले दोन, आणि तेही पाचपदरी दोऱ्यानं. नेहमीचं मशीन असला दोरा ओढतच नाही, त्यासाठी मशीनमध्येच फेरफार करावे लागले. आमच्याकडं एखाद्या शिकाऊ पोरानं इंचाला दोन टाके घातले असते, तर वडिलांनी हातातला गज त्याच्या पाठीत घातला असता! पण विचार करा. कमरेच्या आतलं लेबल कोण बघतंय? ही टीप रस्त्याच्या पलीकडनं ओळखू यायची. एका जीन्सला लोक 200-300 डॉलर मोजत होते. त्या वेळच्या भावानं दहा हजारांच्या घरात, किंवा वरच.

मग उतरण लागली. फॅशन फिरली. तंग जीन्स आल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या आल्या, बायका तर जीन्स सोडून लेगिंग्जवर गेल्या. जी टीप लांबनं दिसते म्हणून खपली, तीच आता लांबनं जुनी दिसायला लागली. वर लोक दुकान सोडून मोबाईलवर खरेदी करायला लागले.

पण फॅशन सगळ्यांचीच फिरते. या कंपनीचं कंबरडं मोडलं ते कर्जानं, असं माझं मत आहे. 2013 मध्ये टॉवरब्रुक या गुंतवणूक कंपनीनं ती सुमारे 83.5 कोटी डॉलरना विकत घेतली. असे व्यवहार कसे होतात? समजा, तुम्ही कर्ज काढून म्हैस घेतली आणि ते कर्ज म्हशीच्याच नावावर टाकलं. आता हप्ता तिनं दुधातनं फेडायचा. दूध आहे तोवर ठीक. दूध आटलं की तिच्या पेंडीला पैसे उरत नाहीत, आणि पेंड नाही म्हणून दूध आणखी आटतं. जुलै 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात गेली. 35 कोटी डॉलरहून जास्त कर्ज उतरवून त्याच वर्षी बाहेर आली.

एक सांगायला हवं. आपल्याकडं दिवाळं निघालं म्हणजे माणूस पेठेतनं मान खाली घालून जातो. तिकडच्या कायद्यात धंदा चालू ठेवून, कोर्टाच्या आडोशाला देण्याची नव्यानं मांडणी करता येते. आणि हे दोनदाही करता येतं! 13 एप्रिल 2020 ला ट्रू रिलिजन पुन्हा कोर्टात गेली. टाळेबंदीत माझंही शटर त्या दिवशी खालीच होतं. त्याच्या आदल्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी दुकानात शिरलेलं. डेनिमच्या थप्प्या चार-पाच दिवस पाण्यात होत्या. निळीचा ओघळ उतरून खालचे पांढरे शर्टसुद्धा आकाशी झाले होते. मला मात्र कुठल्या कोर्टाचा आडोसा नव्हता. असो.

दुसऱ्या वेळी फरक पडला तो माणसामुळं. 2006 ते 2010 कंपनीचा अध्यक्ष असलेला मायकेल बकली 2019 मध्ये प्रमुख म्हणून परत आला होता. दुकानं कमी झाली, विक्रीचा भर ऑनलाइनवर गेला, किमती खाली आल्या. आणि गिऱ्हाईक कोण, हे त्यांनी डोळे उघडून बघितलं. ज्यांनी ही जीन्स कधी सोडलीच नव्हती, ती रॅप ऐकणारी, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरं. त्यांच्याकडं पाठ फिरवून श्रीमंत गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा त्यांच्याचसाठी माल काढायला सुरुवात झाली. 2021 मध्ये सुप्रीमसारख्या तरुणांच्या लाडक्या ब्रँडनं यांच्यासोबत कपडे काढले. त्यात 2000 च्या दशकातली फॅशन परत फिरली, हे नशीबही म्हणा. 2025 च्या सुरुवातीला कंपनीला नवे मालकही मिळाले. या खेपेला म्हशीच्या नावावर किती टाकलंय, तिकडं माझं लक्ष आहे.

गेल्या दिवाळीत एक कॉलेजचा पोरगा वडिलांची जुनी जीन्स घेऊन दुकानात आला. कंबर कमी करायची होती. तीच, दोरीसारख्या टिपेची. मी तेव्हा विकलेल्यापैकीच असणार. कापड गुडघ्यावर विरलं होतं, चेन दोनदा बदललेली होती. टीप उसवायला बसलो, तर दोरा सुटेना. ब्लेडचं पातं मोडलं. पोरगा म्हणाला, “काका, टीप राहू दे, कंबर दुसरीकडनं घ्या.”