पावसाळ्यानंतर सायकलचं इंजिन चालू होत नाही? पान्याला हात लावायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! माझ्या मागे माडाला टेकून उभी आहे ना, ती सायकल जूनपासून पडवीत ताडपत्रीखाली होती. गणेश चवथ आठ दिवसांवर आली म्हणून काल बाहेर काढली. पॅडल मारून मारून पाय भरून आले, पण इंजिनानं एकदाही आवाज दिला नाही. मी अजून काही खोललेलं नाही. दोष काय आहे ते आज तुमच्यासोबतच शोधू.

हे सायकलच्या त्रिकोणात बसणारं टू-स्ट्रोक किट. विकताना 80 सीसी सांगतात, पण बोअर (सिलिंडरची रुंदी) 47 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 38 मिलिमीटर, म्हणजे हिशोबानं 66 सीसीच. याला किक नसते. क्लच दाबून पॅडल मारायचं आणि वेग आला की क्लच सोडायचा. मग मागचं चाक साखळीतून इंजिनाला फिरवतं. रस्त्याबद्दल आत्ताच सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येतून दोन-तीन चाकांची गाडी सुटते ती इंजिन 25 सीसीपर्यंत असेल तरच. हे 66 सीसीचं आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय ते रस्त्यावर नेता येत नाही. आमची सायकल बागेतच फिरते, नारळ आणि खताची पोती ओढते.

आता पहिली गोष्ट. क्लच सोडल्यावर इंजिन खरंच फिरतंय का? पेडण्यासारख्या किनाऱ्याजवळच्या तालुक्यात खाऱ्या हवेनं क्लचची केबल आतून गंजते. लिव्हर सुटलेला दिसतो, पण केबल अडकलेलीच राहते. मग चाक मोकळं फिरतं, पिस्टन जागचा हलत नाही आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. (चाक उचलून फिरवतो.) क्लच सोडल्यावर चाक जड झालं, इंजिनाचा श्वास ऐकू आला. म्हणजे क्लच ठीक आहे.

आता करंट. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बंद पडलेल्या या सायकलींपैकी बऱ्याच मी इथेच बऱ्या झालेल्या बघितल्यात.

पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग काढून परत त्याच्या टोपीत बसवा आणि प्लगची चुडी हेडच्या उघड्या धातूला टेकवा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. आता सावलीत जाऊन मागचं चाक फिरवा. टोकांमध्ये निळसर ठिणगी टचटच उडायला हवी. टोकांमधलं अंतर 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट बघा. प्लगच्या डोक्यावरची ही छोटी नट पक्कडीनं आवळलीय का? ती सैल राहिली तर टोपी आत नीट धरत नाही आणि करंट मध्येच तुटतो.

ठिणगी नसेल तर नवा प्लग आणायला धावू नका. आधी हँडलवरच्या बंद करायच्या बटणाच्या वायरी सोडवा. हे बटण दाबलं की मॅग्नेट कॉइलचा करंट बॉडीत उतरतो आणि इंजिन बंद होतं. बटणात पावसाचं पाणी गेलं किंवा खारानं आत हिरवट थर चढला, तर ते न दाबताही दाबलेलंच राहतं. गेल्या वर्षी याच बटणानं माझे दोन दिवस घेतले. मी कार्बोरेटर तीनदा खोलला, प्लग बदलला, शेवटी वायर सोडवली आणि पहिल्याच पॅडलला ठिणगी आली. वायर सोडवून इंजिन चालू झालं, तर बटण बदलेपर्यंत बागेतही सायकल फिरवू नका. इंजिन बंद करता आलं नाही तर ते जिवावर बेतू शकतं.

बटण सोडवूनही काही नसेल, तर मल्टिमीटर घ्या आणि मॅग्नेटकडून येणाऱ्या निळ्या आणि काळ्या वायरीत रेझिस्टन्स मोजा. साधारण 300 ते 400 ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. आकडा बरोबर असेल तर संशय सीडीआयवर, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट सोडणाऱ्या डबीवर जातो, नाहीतर त्याच्या जोडांवर. पांढरी वायर कुठेही जोडू नका, टोकाला टेप लावून बाजूला ठेवा.

आपल्या सायकलची ठिणगी बघा. (प्लग कॅमेऱ्याजवळ धरतो.) आली! निळी आणि जोरकस. म्हणजे यंदा दोष दुसरीकडे आहे.

आता हाच प्लग बोटानं चाचपा. भरपूर पॅडल मारूनही कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. थबथबलेला असेल तर ओव्हरफ्लो झालाय. मग कॉक बंद, चोक उघडा आणि प्लग बाहेर ठेवून चाक फिरवा, आत साचलेलं बाहेर पडतं. आपला प्लग ओला आहे, पण बोटाला पेट्रोलसारखा वाटत नाही. वाससुद्धा मंद आहे.

टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढू. हे असं पारदर्शक बाटलीतच करा. (बाटली उजेडात धरतो.) खाली वेगळा थर बसलाय, दिसतोय? आता पंपावर मिळतं ते पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी हद्दीबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, आणि कॉक नेमका तळातूनच ओढतो. पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑईल, म्हणजे या टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण, वरच्या पेट्रोलात राहतं, खालच्या थरात जात नाही. म्हणजे इंजिनाला पेट्रोलही नाही, वंगणही नाही. असं पेट्रोल हलवून परत वापरू नका, हात जोडून सांगतो. पिस्टन घासला तर खर्च किटाच्या किमतीला जाऊन भिडतो.

आणि पाणी आलं कुठून? ताडपत्रीला भोक आहे, ते बरोबर टाकीच्या झाकणावर. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. गोव्याचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत पडतो. ते छिद्र बुजवू मात्र नका. बुजलं तर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकणावर डबा पालथा घाला.

टाकी पूर्ण रिकामी केली. आता कार्बोरेटरची खालची वाटी काढतो. हा बघा, वाटीतही पाण्याचा थेंब आहे. जेटमधून, म्हणजे पेट्रोल जाणाऱ्या या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, आरपार उजेड दिसला पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये बुडवून फुंका. जोडताना स्लाइडची, म्हणजे थ्रॉटलनं वर-खाली होणाऱ्या नळकांड्याची, खाच आतल्या खुंटीवर बसली पाहिजे, नाहीतर थ्रॉटल उघडाच अडकतो.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही चालू झालं नसतं, तर मी प्लगच्या भोकावर अंगठा धरून दाब बघितला असता, हेडच्या नट आणि कार्बोरेटरच्या नळीचे जोड आवळले असते. आणि सायलेन्सरमध्ये बॅटरी मारली असती. पडवीत तीन महिने उभ्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, ते आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून काढलंय.

आता ताजं पेट्रोल. जुन्या झालेल्या इंजिनाला मी लिटरला 40 मिली टू-टी ऑईल घालतो, म्हणजे 25 ला 1. नवं किट असेल तर सुरुवातीला 16 ला 1, लिटरला साधारण 62 मिली. कारचं ऑईल नाही, टू-टीच.

कॉक उघडला. चोक लावला. कार्बोरेटरवरचं हे बटण दोनदा दाबलं. क्लच दाबून पॅडल... वेग आला... सोडतो.

(इंजिन पकडतं, निळसर धूर.)

बाळू, पोती आण रे!