छत्री उघडल्यावर पिल्लू काय करतं?

(दृश्य: कोल्हापुरातला कसबा बावडा, सकाळी साडेसात. उसाच्या कडेचं घर. पडवीत सात पिल्लं, प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर.)

जर्मन शेफर्डच्या या पिल्लांचा आज 49वा दिवस. वजन भरतंय पाच-सहा किलो. पूर्ण वाढलेला नर 30 ते 40 किलोचा होतो. आज पायावर उडी मारणारं पिल्लू गोड वाटतं. तीच उडी 35 किलोची झाली की दारातली आजी आडवी होते. मोठ्या जातीत स्वभाव आधी बघायचा, रंग आणि कान नंतर.

जोआकिम आणि वेंडी वॉल्हार्ड या दांपत्यानं सात आठवड्यांच्या पिल्लाचा स्वभाव जोखायला रूढ केलेल्या चाचणीचे दहा भाग आहेत. प्रत्येकाला 1 ते 6 गुण. इथे 6 म्हणजे पहिला नंबर नव्हे! 1 म्हणजे अंगावर येणारं, 6 म्हणजे माणसाकडे ढुंकूनही न बघणारं. घरात पोरंबाळं असतील तर 3 आणि 4 जास्त पडलेलं पिल्लू बरं.

खोली पिल्लांनी कधी न पाहिलेली हवी, चाचणी घेणारा माणूसही अनोळखी. एका वेळी एकच पिल्लू. खाऊन दोनेक तास झालेले, झोप पूर्ण झालेली. आदल्या दिवशी लस किंवा जंताचं औषध दिलं असेल तर चाचणी पुढे ढकला. आणि फरशीवर घोंगडं अंथरा. मोठ्या जातीची पिल्लं या वयात पाय पसरून घसरतात. घसरलेलं पिल्लू जागचं हलत नाही आणि कागदावर उगीच ‘भित्रं’ म्हणून नोंद होते.

(दृश्य: हिरव्या लोकरीचं पिल्लू. माणूस चार फुटांवर उकिडवा बसून हलकी टाळी वाजवतो.)

येतंय. शेपूट वर आहे, हाताला चावत नाही. 3 गुण. माणूस उठून चालू लागतो, तेव्हा मागे येतं का, हे लगेच पुढचं. मग छातीखाली आणि ढुंगणाखाली हात देऊन जमिनीपासून जरा वर, तीस सेकंद. थोडी धडपड करून शांत होणारं पिल्लू चांगलं. तीसही सेकंद चावत, ओरडत राहिलं तर त्या घराला कुत्र्यांचा अनुभव हवा.

स्पर्शाची चाचणी इथे बहुतेक जण चुकीच्या पद्धतीनं घेतात. पुढच्या पायाच्या बोटांमधली कातडी अंगठा आणि तर्जनीच्या पेरात धरायची, नख लावायचं नाही. दाब हळूहळू वाढवत मनात दहापर्यंत मोजायचं आणि पाय ओढताक्षणी सोडायचं. लिहायचा तो मोजणीचा आकडा, 1 ते 6 गुण त्यावरून ठरतात. दोन-तीनवरच पाय ओढणाऱ्याला पट्ट्याचा हिसकाही फार होतो. नऊ-दहापर्यंत गप्प बसणारं पोरांचा दंगा सोसेल, पण शिकवताना त्याचं लक्ष वेधायला घाम फुटतो.

(दृश्य: स्टीलचं पातेलं आणि डाव. पिल्लाच्या पाठीमागे एकच ठोका.)

दचकलं. दचकणारच, तो काही दोष नाही. घड्याळ लावा ते पुढच्या क्षणांसाठी. हिरवं पिल्लू चार सेकंदांत वळलं आणि पातेल्याकडे हुंगत आलं. लाल लोकरीचं कोपऱ्यात गेलं आणि मिनिटभर तिथंच. महाद्वार रोडसारख्या मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यानं लाल पिल्लू नेलं, तर गणपतीत त्याचे आणि घरच्यांचेही हाल होतील. उलट, कानही न हलवणाऱ्या पिल्लाला ‘धाडसी’ म्हणण्याआधी ते बहिरं नाही ना, हे तपासा. पांढऱ्या ग्रेट डेनमध्ये बहिरेपणा बराच आढळतो.

सुतळीला बांधलेला टॉवेल झटके देत ओढायचा: पिल्लू बघतं, पळतं की झडप घालतं? शेवटी पाचेक फुटांवर छत्री उघडून जमिनीवर ठेवायची. बटण दाबलं की फटकन उघडणारी घेऊ नका. त्यात पिल्लू आवाजाला दचकलं की आकाराला, हे वेगळं कळत नाही.

(दृश्य: निळ्या लोकरीचं पिल्लू छत्रीवर गुरगुरतं, पण मागे मागे सरकतं.)

मळ्यावर राखणीला कुत्रं हवं असलेले लोक नेमकं हेच उचलतात. ‘बघा, कसलं कडक हाय!’ शेपूट पायात आहे, वजन मागच्या पायांवर आहे, कान मागे पडलेत. हे घाबरलंय. भीतीनं चावणारा कुत्रा चोर आणि पाहुणा यांत फरक करत नाही, आणि मळ्यावर चोरापेक्षा पाहुणेच जास्त येतात.

सातव्या आठवड्यातल्या गुणांवरून दोन वर्षांनंतरचा कुत्रा नेमका सांगता येत नाही. म्हणून आईला भेटा. अनोळखी माणूस आल्यावर ती भुंकून मग शांत होते का, की साखळीला हिसके देत राहते? चार दिवसांनी त्याच वस्तू घेऊन, दुसऱ्या जागी, पिल्लं पुन्हा बघा. आज जे कोपऱ्यात गेलं, ते तेव्हाही तिथंच गेलं तर मात्र ती नोंद गंभीरपणे घ्या.

पिल्लू आजच उचलायचं नाही. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. शिवाय आठव्या ते दहाव्या आठवड्यात बसलेली भीती खोल रुजू शकते. त्यामुळे नव्या घरातले पहिले पंधरा दिवस फटाके, डीजे आणि पाहुण्यांची रांग नको.

(दृश्य: हिरवं पिल्लू उघड्या छत्रीपाशी येऊन मूठ हुंगतंय. वहीत त्याच्या ओळीत शेवटचा आकडा लिहिला जातो: 3.)