पटामागची बोलणी: एका बुद्धिबळ इंजिनाची गोष्ट

(दृश्य: नागपूर, धरमपेठ. रात्र. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत सरकणाऱ्या ओळी.)

नागपूर म्हणजे ग्रँडमास्टर रौनक साधवानी आणि दिव्या देशमुख यांचं गाव. २०२५ साली दिव्यानं बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. धरमपेठेतल्या या खोलीतही बुद्धिबळच चाललंय, पण इथला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी डाव खेळत नाही. तो खेळणारं इंजिन, म्हणजे स्वतः खेळ्या शोधणारा प्रोग्राम, लिहितोय.

इंजिनाला पट नसतो. सोंगट्यांची चित्रं, माऊस, घड्याळ हे सगळं दुसऱ्या प्रोग्रामकडे असतं: अरेना, क्यूटचेस, एक्सबोर्ड, फ्रिट्झ. त्या प्रोग्रामशी इंजिन फक्त मजकुराच्या ओळींतून बोलतं.

या बोलण्याची आधी रूढ झाली ती एक्सबोर्डची पद्धत. मग नोव्हेंबर २००० मध्ये रुडॉल्फ ह्युबर आणि ‘श्रेडर’ इंजिनाचे कर्ते श्टेफान मायर-कालेन यांनी दुसरी पद्धत आणली: यूसीआय, म्हणजे ‘युनिव्हर्सल चेस इंटरफेस’. आज स्टॉकफिश हे नावाजलेलं इंजिनही यूसीआयच बोलतं.

(दृश्य: पडद्यावर एकेक ओळ.)

इंटरफेस, म्हणजे पट दाखवणारा प्रोग्राम, म्हणतो, ‘यूसीआय’. इंजिन आपलं नाव, कर्त्याचं नाव आणि बदलता येणाऱ्या सेटिंग्ज सांगतं, शेवटी ‘यूसीआयओके’. मग ‘इजरेडी’, त्याला उत्तर ‘रेडीओके’. दोन्ही पद्धतींतला मोठा फरक यानंतर दिसतो. एक्सबोर्डमध्ये डाव कुठवर आलाय हे इंजिनानं स्वतः लक्षात ठेवायचं. यूसीआयमध्ये इंटरफेस दर वेळी सुरुवातीपासूनच्या सगळ्या खेळ्या पुन्हा पाठवतो. नव्यानं लिहिणाऱ्याला हा फार मोठा आधार आहे, कारण मागे काही चुकलं असलं तरी पुढच्या ओळीबरोबर पट पुन्हा नीट मांडला जातो.

वेळेचं गणित मात्र दगा देतं. पाच मिनिटं यूसीआयमध्ये ३,००,००० असतात, कारण मोजमाप मिलिसेकंदांचं. एक्सबोर्ड सेकंदाचा शंभरावा भाग मोजतो, म्हणून तिथे तीच पाच मिनिटं ३०,०००. यूसीआयचा आकडा एक्सबोर्डच्या मापानं वाचला, तर इंजिनाला पन्नास मिनिटं हाती असल्यासारखं वाटतं. ते निवांत विचार करत बसतं आणि झेंडा पडतो, म्हणजे वेळ संपून डाव जातो.

दुसरी अडचण शोधायला त्याहून अवघड. इंजिन उत्तर देतं, पण ते बफरमध्ये, म्हणजे बाहेर जाण्याआधी मजकूर साठतो त्या तात्पुरत्या जागेत, अडकून राहतं. टर्मिनलमध्ये सगळं सुरळीत दिसतं, इंटरफेसला जोडलं की शांतता. इंजिन बंद पडलंय असंच वाटतं. प्रत्येक ओळीनंतर बफर रिकामा केला की ते बोलू लागतं. आणि विचार चालू असतानाही ‘स्टॉप’ ऐकू यायला हवं. म्हणून शोध एका थ्रेडवर आणि ऐकणं दुसऱ्यावर; थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामाची वेगळी धार.

खेळी लिहायचीही शिस्त आहे. यूसीआयमध्ये पांढऱ्याचं राजाच्या बाजूचं कॅसलिंग ‘ई१जी१’, म्हणजे राजाचं आधीचं घर आणि नंतरचं घर. पण चेस९६० या प्रकारात मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची सुरुवातीची मांडणी बदलते आणि राजा व हत्ती वेगवेगळ्या घरांतून सुरू होऊ शकतात, म्हणून तिथे राजानं आपल्याच हत्तीचं घर घेतलं असं लिहितात. प्यादं वजीर झालं की शेवटी छोटं ‘क्यू’. ते राहिलं, तर खेळी अवैध ठरते आणि जिंकत आलेला डाव हातचा जातो.

(दृश्य: क्यूटचेसमध्ये दोन इंजिनं एकमेकांशी खेळताना.)

दोन्ही पद्धती एकदम लिहायला घेऊ नयेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं. आधी यूसीआय पक्कं करावं. एक्सबोर्डची गरज पडलीच, तर फॅबियाँ लेतूझे यांचा पॉलीग्लॉट हा प्रोग्राम दुभाष्यासारखा दोघांच्या मधे बसून यूसीआय इंजिनाचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचवतो. तोवर या विद्यार्थ्याला आपलं इंजिन अरेनातही जोडून पाहायचंय.